हॉर्निमन सर्कलवरचा तो फॉरवर्ड धादांत खोटा आहे

परवा सकाळी बाबांचा मेसेज आला. रोजचा सुविचार असेल म्हणून मी उघडला नाही. दुपारी ऑफिसात डबा खाताना उघडला आणि घास हातातच राहिला.

बाबांनी चौतीस वर्षं फोर्टात एका बँकेत काढली. रोज डोंबिवलीहून गाडीला लोंबकळत जायचं आणि रात्री आठला परत यायचं. दुपारी एक वाजता ते आणि त्यांचे दोन सहकारी हॉर्निमन सर्कलच्या बागेत जाऊन डबा उघडत. मी सातवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. लोखंडी कुंपण, आत गर्द सावली, गजांमधून दिसणारे टाऊन हॉलचे पांढरे खांब आणि त्याच्या रुंद पायऱ्या. बाबांनी स्टीलचा डबा उघडून बटाट्याची कोरडी भाजी माझ्यापुढे सरकवली. मी विचारलं, "हॉर्निमन म्हणजे कोण?" बाबा म्हणाले, "आपल्या बाजूनं लिहिणारा इंग्रज. पेपरवाला होता." एवढंच सांगितलं, पण ते अगदी बरोबर होतं.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याच बाबांनी मला फॉरवर्ड पाठवून खाली लिहिलंय, "हे वाच. इतकी वर्षं आम्हाला चुकीचं सांगितलं." माझा खरा राग यावर आहे. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांच्या गळी एक खोटी गोष्ट उतरवली, इथपर्यंत ठीक म्हणू. पण एका माणसाला जे नीट माहीत होतं, तेही या दहा ओळींनी पुसून टाकलं.

ज्यांच्या फोनवर तो अजून आलेला नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात देते. हॉर्निमन हा चहाच्या कंपनीचा ब्रिटिश मालक. पहिल्या महायुद्धात त्यानं मुंबईत इंग्रजी पेपर चालवून सरकारचा प्रचार केला. 1919 मध्ये त्यानं मुंबईत दंगल पेटवली, म्हणून गांधीजींनी त्याच्याशी संबंध तोडले. पुढे सरकारनं आपल्या माणसाला सन्मानानं बोटीत बसवून मायदेशी पाठवलं, आणि आपले लोक त्यालाच 'हद्दपारी' म्हणतात. आपले टिळक मंडालेत सडले आणि याच्या नावानं बाग. एका गोऱ्याचं नाव काढून दुसऱ्या गोऱ्याचं दिलं. शेवटी नेहमीचं, 'खरा इतिहास सर्वांपर्यंत पोचवा'.

चहाचं आधी उरकून टाकते, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. चहावाले हॉर्निमन वेगळे. त्यांच्या घराण्यातले फ्रेडरिक हॉर्निमन यांनी लंडनमध्ये वस्तुसंग्रहालय उभारलं, ते अजून आहे, आणि ते गृहस्थ 1906 मध्येच वारले. आपल्या सर्कलचे हॉर्निमन म्हणजे बेंजामिन गाय हॉर्निमन, जन्म 1873 चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वडील ब्रिटिश आरमाराच्या पगार खात्यात मोठे अधिकारी. मुलानं मात्र पोर्ट्समथच्या एका दैनिकातून सुरुवात करून बातमीदारी धरली, पुढे लंडन-मँचेस्टरची वर्तमानपत्रं केली आणि 1906 मध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समनमध्ये आला. आडनाव सारखं दिसलं की माणूस तोच, असं धरून चाललं तर सगळे कुलकर्णी एकाच घरातले ठरतील. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं आडनाव शोधलं, पहिलं जे सापडलं ते उचललं आणि पुढे पाठवलं.

आता 'सरकारचा प्रचार'. इथे थोडं मागे जावं लागेल. बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सर फिरोजशहा मेहतांनी 1913 मध्ये सुरू केलं, तेच मुळी मुंबईतल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांना हिंदी लोकांच्या बाजूनं उत्तर देण्यासाठी. संपादक म्हणून त्यांनी हॉर्निमनना आणलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. फिरोजशहा 1915 च्या नोव्हेंबरात गेले आणि युद्धाच्या उरलेल्या काळात क्रॉनिकल म्हणजे हॉर्निमन असं समीकरण झालं.

युद्धकाळात पेपर चालवणं म्हणजे काय होतं, हेही सांगायला हवं. 1910 च्या प्रेस ॲक्टप्रमाणे सरकार छापखानावाल्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागू शकत होतं. वर्तमानपत्राच्या प्रकाशकाकडून पाच हजारांपर्यंत. छापलेलं सरकारला खटकलं की जामीन जप्त. पुन्हा सुरू करायचं तर एक हजार ते दहा हजार भरा. दुसऱ्यांदा खटकलं तर छापखानाच जप्त. हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचे रुपये धरून वाचा. त्यावर 1915 मध्ये डिफेन्स ऑफ इंडिया कायदा आला. युद्धाच्या नावाखाली माणसाला खटल्याशिवाय अडकवून ठेवता येईल, एखाद्या गावात राहायला बंदी करता येईल, असा तो कायदा. त्याच वर्षी हॉर्निमन यांनी प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि या दोन्ही कायद्यांविरुद्ध व्हाइसरॉयपासून गव्हर्नरपर्यंत अर्ज-निवेदनांचा सपाटा लावला. स्वराज्याची मागणी करणाऱ्या ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगचे ते उपाध्यक्ष होते. सरकारचा प्रचार करणारा माणूस सरकारच्या सगळ्यात लाडक्या कायद्यांविरुद्ध संघटना कशाला काढेल?

आणि ज्या बागेत बाबा जेवायचे, तिच्या समोरच्याच इमारतीत काय झालं ते ऐका. 11 डिसेंबर 1918. युद्ध संपून जेमतेम महिना झालेला. गव्हर्नर विलिंग्डन परत निघाले होते, आणि 'मुंबईच्या नागरिकांच्या वतीनं' त्यांचं स्मारक उभारावं असा ठराव करायला शहरातल्या बड्या मंडळींनी टाऊन हॉलमध्ये सभा बोलावली. सहा महिन्यांपूर्वी याच विलिंग्डननी युद्ध परिषदेत लोकमान्यांना भाषण पुरं करू दिलं नव्हतं. लोकमान्य उठून बाहेर पडले होते आणि होमरूलवाल्यांच्या मनात ते ताजं होतं. स्मारकाला विरोध करणारे सकाळपासून टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर रांग लावून उभे राहिले. दारं उघडताच आत जाऊन खुर्च्या धरल्या. त्यांच्या पुढाऱ्यांत बॅरिस्टर जिना होते आणि हॉर्निमन होते. आरडाओरड्यात ठराव कुणाला ऐकूच आला नाही, काही मिनिटांत सभा आटोपली आणि पोलिसांनी सभागृह रिकामं केलं. विलिंग्डनचं ते स्मारक कधीच झालं नाही. उलट लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून जिनांच्या नावानं सभागृह बांधलं. ते काँग्रेस हाउसच्या आवारात आहे.

जिनांचं नाव वाचून काही जण इथेच थबकतील. 1918 चे जिना 1918 च्या मुंबईत वाचावे लागतात. राजद्रोहाच्या 1916 च्या प्रकरणात टिळकांची बाजू हायकोर्टात त्यांनीच मांडली होती आणि टिळक सुटले होते. तो वेगळा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

आता हद्दपारी. फॉरवर्डमधली ही ओळ मी तीनदा वाचली. 'सन्मानानं बोटीत बसवून मायदेशी पाठवलं.' सगळ्यात संतापजनक ओळ हीच आहे, कारण ती लिहिणाऱ्याला प्रसंग माहीत आहे. हॉर्निमनना बोटीवर चढवलं हे त्याला ठाऊक आहे. फक्त त्यानं तो प्रसंग उलटा करून सांगितला.

एप्रिल 1919 मधला क्रम बघा. युद्ध नोव्हेंबरात थांबलं, पण डिफेन्स ऑफ इंडिया कायदा युद्धानंतरही सहा महिने चालणार होता, आणि तो संपण्याआधी त्याची जागा भरायला सरकारनं मार्चमध्ये रौलट कायदा करून घेतला. त्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा कायदा होण्याआधीच, फेब्रुवारीत साबरमतीला ठरली होती. त्या बैठकीला जेमतेम वीस माणसं होती. गांधीजींनी त्यांतली जी नावं लिहून ठेवली आहेत ती अशी: वल्लभभाई, सरोजिनी नायडू, हॉर्निमन, उमर सोबानी, शंकरलाल बँकर, अनसूयाबेन. 30 मार्चला दिल्लीत गोळीबार झाला. 6 एप्रिलला मुंबईत हरताळ पडला. 13 एप्रिलला जालियनवाला बाग झाली. आणि 26 एप्रिलला मुंबई सरकारनं हॉर्निमनना उचलून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, वकील नाही, न्यायाधीश नाही. ज्या युद्धासाठी तो कायदा केला होता, ते युद्ध साडेपाच महिन्यांपूर्वी थांबलं होतं.

इतकं करूनही सरकारला आपली बाजू मांडावी लागली. मे महिन्यात भारतमंत्री माँटेग्यू यांनी कॉमन्स सभेत कारणं सांगितली. दिल्लीच्या रस्त्यांवर सैन्यानं मऊ टोकाच्या, म्हणजे अंगात शिरून पसरणाऱ्या गोळ्या वापरल्या असा आरोप क्रॉनिकलनं छापला. आणि मुंबईतल्या गोऱ्या शिपायांत बेदिली माजावी म्हणून पेपर त्यांना फुकट वाटला जात होता. हे खरं की खोटं, ते ठरवायची एकच जागा होती, कोर्ट, आणि कोर्टाचं दारच बंद ठेवलं होतं. पण घटकाभर सरकारचं म्हणणं शब्दशः खरं धरा. मग फॉरवर्डचं काय उरतं? ब्रिटिश पार्लमेंटात मंत्री उभा राहून सांगतोय की हा माणूस आमच्या फौजेत बेदिली माजवतोय, आणि आपला फॉरवर्डवाला म्हणतोय की तो सरकारचाच माणूस होता.

त्यातल्या 'मायदेशी' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. हॉर्निमनना भारतात परत यायचं होतं. सरकार पासपोर्ट देत नव्हतं. एक-दोन वर्षं नव्हे, जवळपास सात वर्षं. त्या काळात त्यांनी लंडनमध्ये बसून पंजाबातल्या अत्याचारांबद्दल लिहिलं, 1920 मध्ये अमृतसरवर पुस्तक काढलं आणि इंग्लंडच्या वाचकाला त्याच्या सरकारनं काय केलं ते सांगितलं. शेवटी 1926 च्या जानेवारीत कायद्यातली फट शोधून ते दक्षिण भारतात उतरले आणि तिथून मुंबई गाठली. कुणाला सन्मानानं घरी पाठवलं असतं तर तो सात वर्षं दार ठोठावत बसला नसता.

आता दंगल आणि गांधीजी. यासाठी मला टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. पुस्तक बाबांच्याच कपाटात आहे, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, गांधीजींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर. बाबांनी पन्नाशीत ते दोनदा वाचलंय, समासात पेन्सिलच्या खुणा आहेत. पाचव्या भागात नवजीवन आणि यंग इंडिया या गांधीजींच्या पत्रांवरचं प्रकरण आहे, ते काढा. तिथे गांधीजी लिहितात की क्रॉनिकलला जबरदस्त शक्ती बनवणाऱ्या हॉर्निमनना सरकारनं गुपचूप पळवून नेलं आणि त्या कृत्याची घाण अजून आपल्या नाकात आहे. हे त्यांनी लिहिलं तेव्हा घटनेला जवळपास दहा वर्षं होत आली होती. संबंध तोडलेल्या माणसाबद्दल कुणी असं लिहितं का?

पुढचं तर आणखी महत्त्वाचं. हॉर्निमनना बेबंदशाही कधीच नको होती, हे आपल्याला माहीत आहे, असं गांधीजी सांगतात. सत्याग्रह समितीला न विचारता गांधीजींनी पंजाबात शिरू नये हा पंजाब सरकारचा बंदी हुकूम मोडला, हे हॉर्निमनना आवडलं नव्हतं. सविनय कायदेभंग थांबवावा असं पत्र त्यांनीच गांधीजींना लिहिलं होतं. गांधीजी अहमदाबादेत होते, त्यामुळे पत्र हाती पडेपर्यंत त्यांनी स्वतःहून निर्णय जाहीर केला होता. म्हणजे ज्या माणसावर आग लावल्याचा आरोप, तो गांधीजींना 'आता थांबा' म्हणत होता. आणि हे सांगणारे खुद्द गांधीजी आहेत. यापेक्षा वरचा साक्षीदार मला तरी माहीत नाही.

राहिली 'मुंबईची दंगल'. 11 एप्रिलला, गांधीजींना दिल्लीजवळच्या पलवलला अटक करून मुंबईत आणून सोडलं त्या दिवशी, पायधुणीला प्रचंड गर्दी जमली होती, आणि त्या गर्दीवर भालेवाले घोडेस्वार घातले गेले. लोक टापांखाली सापडले. गांधीजी तिथे होते आणि थेट पोलीस कमिशनरकडे तक्रार घेऊन गेले. खरी जाळपोळ आणि खून त्या दिवसांत अहमदाबाद-वीरमगामला झाले, त्याचं प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी उपास केला आणि 18 एप्रिलला सत्याग्रह थांबवला. यात हॉर्निमन कुठे बसतात ते फॉरवर्डवाल्यानं दाखवून द्यावं.

हद्दपारीनंतर मुंबईनं काय केलं, तेही बघा. गांधीजींनी ताबडतोब पत्रक काढून लोकांना शांत राहायला सांगितलं आणि हॉर्निमनना शूर आणि उदार मनाचा इंग्रज म्हटलं. 11 मेच्या रविवारी हरताळ, उपास आणि घरी बसून धर्मग्रंथांचं वाचन, असा कार्यक्रम दिला आणि मुंबईनं तो शांतपणे पाळला. एका इंग्रज संपादकासाठी मुंबईतल्या दुकानदारांनी फळ्या लावल्या. क्रॉनिकलच्या संचालकांनी गांधीजींना पेपर सांभाळायची गळ घातली, पण सरकारी हुकमामुळे क्रॉनिकलच काही काळ बंद ठेवावा लागला. मग त्याच मंडळींच्या ताब्यातलं यंग इंडिया गांधीजींकडे आलं. हॉर्निमनना नेलं नसतं तर यंग इंडिया त्या वेळी त्यांच्या हाती आलंच नसतं.

आता टिळकांचा मुद्दा. इथे मला थोडं मान्य करावं लागेल, आणि मी ते करते. केसरीतल्या लेखांसाठी टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षं मंडाले झालं. त्याच वर्षी 'काळ' पत्राचे संपादक शिवरामपंत परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. 1919 मध्ये लाहोरच्या ट्रिब्यूनचे संपादक कालीनाथ रॉय यांना लष्करी कायद्याखाली दोन वर्षं सक्तमजुरी ठोठावली, ती पुढे तीन महिन्यांवर आली. हॉर्निमनना तुरुंग झाला नाही, बोट मिळाली. त्यांच्या कातडीचा रंग गोरा होता म्हणून सरकारनं हा मार्ग निवडला, यात मला शंका नाही. काळ्या संपादकाला खडी फोडायला लावायची आणि गोऱ्याला देशाबाहेर काढायचं, हा भेद त्या राज्याच्या हाडीमासी होता. तेवढं फॉरवर्डमधलं अर्धसत्य घ्या.

पण त्यावरून टिळक विरुद्ध हॉर्निमन असा सामना लावायचा, हा कावा आहे. युद्धकाळात दोघे एकाच बाजूला होते. टिळकांची होमरूल लीग 1916 च्या एप्रिलमध्ये निघाली, बेझंटबाईंची सप्टेंबरात, आणि मुंबईत दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या सभांना असत. हॉर्निमनना बोटीवर चढवलं तेव्हा लोकमान्य स्वतः लंडनमध्ये होते, ब्रिटिश पत्रकार चिरोलवरचा बदनामीचा खटला हरून तिथेच होमरूलचा प्रचार करत. मराठी माणसाला चिथवायचं असलं की टिळकांचं नाव पुढे करायचं, ही या फॉरवर्डांची खोड झालीय. टिळकांबद्दल इतकी कळकळ असेल तर 1918 च्या युद्ध परिषदेत त्यांना बोलू न देणाऱ्या गव्हर्नरच्या स्मारकाविरुद्ध टाऊन हॉलमध्ये कोण उभं होतं, तेवढं तरी शोधायचं होतं.

आणखी एक गोष्ट कबूल करते. हॉर्निमन तटस्थ संपादक नव्हते. क्रॉनिकल ही चळवळीची तोफ होती आणि ती एकाच दिशेला डागलेली असे. परत आल्यावर त्यांचे क्रॉनिकलशीही फार काळ पटले नाही. 1929 मध्ये स्वतःचं इंडियन नॅशनल हेरल्ड काढलं, 1933 पासून बारा वर्षं बॉम्बे सेंटिनेल हे सायंदैनिक चालवलं, आणि दुसरं महायुद्ध सुरू असताना 1941 मध्ये रुसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णींबरोबर ब्लिट्झ हे साप्ताहिक सुरू करण्यात त्यांचा हात होता. भांडखोर, हेकट, कुणाच्या तालावर न नाचणारा माणूस. त्यांच्या मतांवर टीका करायची तर जरूर करा, वाचून करा.

'एका गोऱ्याचं नाव काढून दुसऱ्या गोऱ्याचं दिलं' हे वाक्य अक्षरशः खरं आहे, म्हणूनच ते चालून जातं. आधीचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. हे एल्फिन्स्टन म्हणजे कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट नव्हेत, 1853 ते 1860 या काळातले गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. म्हणजे 1857 चा उठाव चालू असताना मुंबई इलाखा ज्यांच्या हाती होता ते. स्वातंत्र्यानंतर मुंबईनं गव्हर्नरचं नाव उतरवलं आणि तिथे एका गव्हर्नरच्या सरकारनं हाकलून दिलेल्या संपादकाचं नाव लावलं. दोघांच्या कातडीचा रंग एक म्हणून दोघे सारखे, असं ज्याला वाटतं त्यानं माणसाकडे बघण्याची ती नजर कुठून घेतली, याचा विचार करावा.

ज्यांनी ती पाटी लावली त्यांनी हे झोपेत केलं नव्हतं, हे त्या भागात दहा मिनिटं चाललं तरी कळतं. थोड्याच अंतरावर सर फिरोजशहा मेहता रोड आहे, म्हणजे क्रॉनिकलचे संस्थापक. सर्कलला लागून सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी रोड आहे. ब्रेल्वी हे हॉर्निमन यांच्या हाताखाली क्रॉनिकलमध्ये होते आणि पुढे त्याच पेपरचे संपादक झाले. संस्थापक आणि दोन संपादक, एकाच वर्तमानपत्राचे तिघे, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. बाबा चौतीस वर्षं या तीन नावांच्या मधून चालत गेले.

हॉर्निमन 16 ऑक्टोबर 1948 ला मुंबईतच वारले. ज्या देशातून त्यांना खटल्याशिवाय बाहेर काढलं होतं, तो देश तेव्हा स्वतंत्र होऊन चौदा महिने झाले होते.

रविवारी डोंबिवलीला गेले तेव्हा हे सगळं बाबांपुढे बोलले. आवाज जरा चढला होता माझा, आई स्वयंपाकघरातून बघून गेली. बाबा काही बोलले नाहीत. उठून कपाटातून ते खाकी कव्हरचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि पाचवा भाग उघडला. हॉर्निमनच्या परिच्छेदाशेजारी त्यांचीच पेन्सिलची रेघ होती. बराच वेळ ते त्या रेघेवर बोट ठेवून बसले. मग विचारलं, "ब्रेल्वी रोड म्हणजे मुंबई समाचारची लाल बिल्डिंग आहे तो?"

"हो, तोच."

"तिथल्या टपरीवर आम्ही चहा प्यायचो," म्हणाले. मग त्यांनी त्या पानाचा फोटो काढला. हात थरथरतो म्हणून तीनदा काढावा लागला. फॉरवर्ड त्यांना बँकेतल्या निवृत्तांच्या ग्रुपवरून आला होता, तिथेच त्यांनी तो टाकला आणि खाली लिहिलं, "वरचा मेसेज चुकीचा आहे. मीही पुढे पाठवला होता. पान वाचा."